जुनी गाडी, नव्या स्प्रिंगा

(वाशी येथे ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका सेवानिवृत्त शिक्षकाने केलेले भाषण)



ज्ञातीच्या व्यासपीठावरून मोटारगाडीच्या स्प्रिंगांविषयी कोणी बोलावे, हे आपणांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. शिक्षण, विवाह, वसतिगृह हे आपल्या संमेलनाचे नेहमीचे विषय, आणि ते तसेच असावेत. परंतु सभागृहाबाहेर उभ्या असलेल्या वाहनांकडे आपण जाताना एकवार दृष्टी टाकावी. बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ अशा घरच्या मोठ्या गाड्या तेथे पुष्कळ आहेत. त्यांतील बऱ्याच गाड्यांनी दहा-बारा पावसाळे पाहिले आहेत, आणि कित्येकींची मागची बाजू बसकी झालेली आहे. याच गाड्यांतून आपण वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेतो, लेकीला सासरी पोचवतो आणि सुटी लागली की सारे घर भरून गावची वाट धरतो. तेव्हा या विषयाचा आपल्या संसाराशी संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

मी शाळामास्तर आहे. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. मॅट्रिकपर्यंतचे पदार्थविज्ञान आणि जन्मभर मुलांकडून घोटून घेतलेले त्रैराशिक, एवढ्याच भांडवलावर मी बोलणार आहे. माझे म्हणणेही थोडकेच आहे. गाडीत बहुतेक दिवस कोण बसते आणि किती भार असतो, हे आधी घरात ठरवावे, आणि त्यानंतरच स्प्रिंग विकत घ्यावी.

आपल्या महाराष्ट्राचा या गाड्यांशी जुना ऋणानुबंध आहे. महिंद्रांनी विलिस जीपची जुळणी मुंबईस माझगावी आरंभली. टाटांची सुमो १९९४ मध्ये आली. सुमंत मुळगावकर यांच्या नावातील आद्याक्षरांवरून तिचे नाव ठेवले गेले. पुढे २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ नाशिकच्या कारखान्यातून रस्त्यावर आल्या. सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी त्या गाड्या अजून चालताना दिसतात. त्यांची इंजिने दणकट आहेत. पण इंजिन धडधाकट असले, तरी गाडीचा भार पेलणारे पोलाद थकते.

हे पोलाद दोन रूपांत आढळते. एक म्हणजे एकावर एक रचलेले बाकदार पाटे. टांग्याला आणि मुंबईच्या व्हिक्टोरियाला हेच पाटे असत. दुसरे रूप म्हणजे जाड तारेचे वेटोळे. बोलेरोसारख्या गाडीस पुढे वेटोळे व मागे पाटे असतात; इनोव्हासारख्या गाडीस पुढे-मागे वेटोळीच असतात. काही गाड्यांना पुढच्या बाजूस स्प्रिंगेऐवजी पिळाचा दांडा, म्हणजे टॉर्शन बार, असतो. त्याचा बोल्ट आवळला की गाडी उंच होते, पण दांड्याचा कडकपणा वाढत नाही.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. स्प्रिंग आणि शॉकअप ही एकच वस्तू नव्हे. स्प्रिंग भार पेलते. शॉकअप तिची उसळी शमवतो. खड्ड्यातून गेल्यावर गाडी तीन-चार वेळा डोलत राहिली, तर दोष बहुधा शॉकअपचा असतो. गाडी रिकामी उभी असतानाच एका अंगाने वा मागून खाली बसली असेल, तर स्प्रिंगेकडे पाहावे. हा भेद न समजल्यामुळे शॉकअप बदलून पैसे खर्च झाले आणि गाडी होती तशीच राहिली, अशी उदाहरणे घरोघर सापडतील.

"स्प्रिंग नरम झाली," असे आपण म्हणतो. वस्तुतः पोलादाचा कडकपणा वयाने फारसा कमी होत नाही. वर्षानुवर्षे भार सोसून स्प्रिंग आपली मूळ उंची गमावते, म्हणजे ती बसते. त्यामुळे तिच्या हालचालीला जागा कमी उरते आणि लहानशा खड्ड्यातही गाडी रबरी बफरवर आपटते. म्हणूनच बसलेल्या स्प्रिंगेची गाडी अधिक कडक झाल्यासारखी वाटते. त्यातच आपली वाशी खाडीच्या कुशीत वसलेली. खारी हवा आणि पावसाळ्यातील चिखल यांनी पोलादाला गंज चढतो, गंजलेल्या जागी बारीक चीर पडते आणि एखाद्या दिवशी पाटा किंवा वेटोळे तेथेच तुटते.

ही परीक्षा घरच्या घरी करता येते. सपाट जागा पाहावी, चारी चाकांत योग्य हवा भरावी, गाडी रिकामी करावी. नंतर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर टेपने मोजावे आणि चारी आकडे वहीत लिहावे. जमिनीपासून मोजू नये, कारण टायरची झीज व हवा यांनी तो आकडा बदलतो. उजव्या-डाव्या बाजूंत ठळक फरक असेल, किंवा कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतील उंचीपेक्षा आपला आकडा बराच कमी भरत असेल, तर स्प्रिंग बदलण्याची वेळ आली असे समजावे. मात्र त्याआधी पाटे व वेटोळी ज्या बैठकांवर टेकतात, त्या चासीवरील जागा तपासून घ्याव्यात. बैठकच गंजून पोखरली असेल, तर नव्या स्प्रिंगेचा खर्च व्यर्थ आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी होऊन ती पाच पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या हिशेबाने गाडीचे किती आयुष्य उरले आहे, तेही पाहावे.

आता निवडीचा प्रश्न. दुकानात गेले की प्रथम सल्ला मिळतो, "साहेब, जरा कडक टाका, गाडी बसणार नाही." घरातील तरुण मंडळींनाही गाडी उंच दिसावी अशी हौस असते. येथे थोडे गणित करू. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये प्रसिद्ध केलेला नियम आपण शाळेत शिकलो आहोत: भार दुप्पट झाला की स्प्रिंगेचे दबणेही दुप्पट होते. समजा, मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून ५० किलो भाराला १ सेंटिमीटर दबतात. गावी जाताना मागे ३०० किलो भार आला, तर गाडी ६ सेंटिमीटर खाली येईल. दीडपट कडक स्प्रिंगा टाकल्या, तर ती ४ सेंटिमीटर येईल. लाभ झाला २ सेंटिमीटरांचा, आणि तोही वर्षातील मोजक्या दिवशी.

आता उरलेल्या दिवसांचा विचार करा. मागची दोन्ही चाके एखाद्या गतिरोधकावर ५ सेंटिमीटर वर उचलली गेली, तर पहिल्या स्प्रिंगा गाडीला २५० किलोंच्या जादा जोराने वर ढकलतील. दीडपट कडक स्प्रिंगा ३७५ किलोंच्या जोराने ढकलतील. हा जादा धक्का कोणी सोसायचा? मागच्या आसनावर बसलेल्या आजीने, तिच्या कमरेने आणि मणक्याने. जत्रेच्या चार दिवसांसाठी तिने तीनशे साठ दिवस दणके खावेत, हा व्यवहार मला शहाणपणाचा वाटत नाही.

कडकपणा किती लवकर वाढतो, याचीही कल्पना असावी. बाकी मापे सारखी ठेवून वेटोळ्याची तार १२ मिलिमीटरऐवजी १३ मिलिमीटर घेतली, तर कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो, कारण तो तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. पाट्याच्या बाबतीत तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. ७ मिलिमीटरचा पाटा ८ मिलिमीटरचा केला, की तो जवळजवळ दीडपट कडक होतो. "एकच मिलिमीटर तर जाड आहे," असे दुकानदार म्हणाला, तर हा हिशेब आठवावा. गाडी खाली करण्यासाठी वेटोळे कापून घेणारे हौशी लोकही आहेत. वेटोळ्यांची संख्या घटली की उरलेली स्प्रिंग अधिक कडक होते आणि तिची बैठकही बिघडते. असे काम कोणी करून घेऊ नये.

कळंबोली-तुर्भे भागात मालमोटारींचा राबता असल्यामुळे पाट्यांचे काम करणारे कुशल कारागीर तेथे मिळतात. त्यांच्या कसबाविषयी मला आदर आहे. तथापि जुना पाटा भट्टीत तापवून त्यास पुन्हा बाक दिला आणि नंतर योग्य रीतीने पाणी दिले नाही, तर पोलादाचा कस जातो आणि पाटा लवकरच पुन्हा बसतो. अडल्या वेळी हा उपाय ठीक. कायमचा म्हणून तो धरू नये. भंगारातील जुनी स्प्रिंगही घेऊ नये, कारण तिने आधी किती वर्षे किती ओझे वाहिले, हे कोणालाच सांगता येत नाही.

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी गाडीला दोन जादा पाटे घालून घेतले. गाडी दिसावयास ऐटदार झाली. परंतु रिकामी असताना तिची मागची बाजू ओल्या वळणावर उड्या मारू लागली, आणि एका पावसाळ्यात ते पाटे त्यांना काढावे लागले. आणखी एक धोका लक्षात घ्यावा. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार कमी-अधिक करणारा व्हॉल्व्ह असतो, आणि तो मागच्या धुरीच्या उंचीवरून भार ओळखतो. गाडी मागून कृत्रिमपणे उंच झाली, की भरलेली गाडीही त्याला रिकामी भासते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. खंडाळ्याचा घाट उतरताना याचा अर्थ काय होतो, हे मी सांगावयास नको.

कडक स्प्रिंग घातली म्हणजे गाडीची भार वाहण्याची मर्यादा वाढते, ही समजूतही चुकीची आहे. धुरी, ब्रेक, टायर आणि चासी पूर्वीचीच राहतात. सात जणांच्या गाडीत अकरा जण बसवण्याची मुभा कोणतीही स्प्रिंग देत नाही. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरबदल करण्यास मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही गोष्ट पुन्हा स्पष्ट केली आहे.

मग कडक स्प्रिंग कोणीच घेऊ नये काय? तसे माझे म्हणणे नाही. आपल्यापैकी जे बंधू बाजार समितीत व्यापार करतात आणि ज्यांच्या गाडीत रोज पोती असतात, त्यांना गाडीच्या मर्यादेत राहून थोडी कडक स्प्रिंग योग्यच ठरेल. त्यांचा नित्याचा भारच तेवढा आहे. आमच्या घरी हा प्रश्न निघाला, तेव्हा मुलाचे मत उंच व कडक स्प्रिंगांकडे होते. आम्ही भिंतीवरील दिनदर्शिकेत महिनाभर रोज टिपून ठेवले, की गाडीत आज कोण बसले. बहुतेक दिवशी सूनबाई, एक नातवंड, आणि दर आठवड्यास दवाखान्यात जाणारी माझी शहाऐंशी वर्षांची आई. पूर्ण भरलेली गाडी महिन्यातून एकदाच निघाली होती. तो कागद पाहून मुलाने आपण होऊन कंपनीच्या मूळ मापाच्या स्प्रिंगा आणल्या. गाडी उंच झाली असती, तर आईस पायरी चढणेही कठीण झाले असते, हे त्याच्याच ध्यानात आले.

खरेदीस जाताना चासी क्रमांक जवळ ठेवावा. एकाच नावाच्या गाडीत सात आसनी, नऊ आसनी अशा प्रकारांना वेगवेगळ्या स्प्रिंगा असू शकतात. एका धुरीच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा एकदमच बदलाव्यात. पाट्यांबरोबर बुश व यू-बोल्ट नवे घ्यावेत. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासून घ्यावेत. नंतर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. एक गोष्ट विशेष कळकळीने सांगतो. दाबलेल्या वेटोळ्यात मोठी शक्ती साठलेली असते. ते योग्य साधनाविना काढताना सुटले, तर माणसाचा जीव जाऊ शकतो. गॅरेजमधील पोरसवदा मुलगा दोरी बांधून हे काम करू लागला, तर आपण त्यास थांबवावे. तोही कोणाच्या तरी घरचा आहे.

शेवटी मंडळास एक नम्र सूचना करतो. पुढील संमेलनाच्या दिवशी आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी टेप आणि हवा मोजण्याचे यंत्र घेऊन प्रवेशद्वाराशी उभे राहावे, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या चारी बाजूंची उंची मोजावी आणि एका चिठ्ठीवर लिहून मालकाच्या हाती द्यावी. खर्च काही नाही. ती चिठ्ठी घरात जपून ठेवली आणि पुढल्या वर्षी पुन्हा ताडून पाहिली, तर गाडी किती बसली हे कोणत्याही दुकानदारास विचारावे लागणार नाही.