रस्त्यावर उभे राहून
(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



भाषण करायची मला सवय नाही, आणि शिक्षण सातवीपर्यंतचे. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही गंगावेशीत उभ्या राहून चित्रे काढता, त्याबद्दलच चार शब्द सांगा." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

लहानपणी मला फक्त रांगोळीचा नाद होता. चाळिशी उलटल्यावर आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरांनी हातात ब्रश दिला. ते म्हणाले, फोटोवरून काढू नका. ऊन फोटोत सापडत नाही, बाहेर जाऊन काढा. बाहेर जाऊन! बाजारात भाजी घ्यायला जाणे निराळे आणि बाजारातच तास दोन तास उभे राहून लोकांकडे बघत बसणे निराळे.

तैलरंग म्हणजे काही परका पदार्थ नव्हे. आपण ज्या जवसाची चटणी करतो, त्याच जवसाच्या तेलात रंगाची पूड घोटलेली असते. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवा लागून घट्ट होते. करडईच्या तेलाच्या कढईच्या काठावर चिकट राप बसतो ना, तसेच. शेंगतेलात कोणी रंग कालवला तर तो कधीच वाळायचा नाही. पूर्वी चित्रकार असा रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवीत. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाची नळी काढली, आणि मग रंग पिशवीत टाकून कुठेही नेणे सोपे झाले. ती नळी नसती तर मी काही गंगावेशीत उभी राहिले नसते!

गंगावेशीतला दूधकट्टा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या, समोर धार काढायची आणि गिऱ्हाईकाने पेला तोंडाला लावायचा. मला तेच काढायचे होते. पहिल्या दिवशी मी म्हैस काळ्या रंगाने रंगवली, तर ती म्हैस न दिसता भोक पडल्यासारखे दिसू लागले. मास्तर म्हणाले, काळी नळी घरी ठेवा. आता मी गडद निळा आणि तपकिरी मिसळते. संध्याकाळच्या उन्हात म्हशीची पाठ जांभळी असते, कडेला तर चक्क नारिंगी. इतकी वर्षे त्या रस्त्याने गेले, पण हे कधी पाहिले नव्हते.

म्हैस काही आपल्यासाठी थांबत नाही, आणि ऊनही. तासाभरात सावल्या दुसरीकडे जातात. म्हणून आधी सावल्यांच्या जागा टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात धरून ठेवायच्या, मग त्यावर जाड, तेलकट रंग. उलटे केले तर खालचा थर ओला राहून वरचा तडकतो. डोळे अर्धे मिटून पाहिले की बारीकसारीक नाहीसे होते आणि उजेड नि अंधार तेवढे उरतात. माणसे एकेका फटकाऱ्यात. भाजी विकणाऱ्या एका मावशी येऊन वाकून बघू लागल्या. "ही मी व्हय? आणि तोंड कुठं हाय माझं?" मी म्हटले, मावशी, तुमचे हिरवे लुगडे एवढेच आले. त्या म्हणाल्या, "बरं झालं. तोंड काढलं असतं तर घरात भांडण!"

घरात भांडण मात्र माझ्याकडे झाले. कोणीतरी सासूबाईंना येऊन सांगितले की तुमची सून चौकात उभी असते. त्या आठ दिवस बोलल्या नाहीत. यजमान मधल्या मधे. रंगासाठी मी भिशीचे पैसे मोडले होते, तेही निघाले. मी महिनाभर ब्रश उचलला नाही. खोटे कशाला सांगू, रागही आला होता आणि आपलेच चुकले असेही वाटत होते.

पुढे सासूबाई मोरीत पडल्या. खुब्याचे हाड मोडले, अंथरुणाला खिळल्या. एके दिवशी त्यांनी विचारले, "कट्ट्यावर म्हशी येतात का गं अजून?" मी काही न बोलता ते चित्र आणून समोरच्या खुंटीला लावले. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "मागच्या पायांना दोरी कुठाय? अशानं लाथ घालील की." दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिले. एकीच्या पायांना दोरी होती, दुसरीच्या नव्हती. ज्या म्हशीला होती ती मी काढलीच नव्हती! तरी दोरी घातली. तेव्हापासून त्याच माझ्या परीक्षक.

ज्यांना घराबाहेर पडणे जमत नाही त्यांनीही मन खट्टू करू नये. पिसारो नावाच्या फ्रेंच चित्रकाराला डोळ्यांच्या दुखण्याने बाहेर बसून काढणे अवघड झाले, तेव्हा १८९७ मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलच्या खिडकीतून त्याने खालच्या एकाच रस्त्याची चौदा चित्रे काढली. आपल्या गॅलरीतूनही रस्ता दिसतोच.

दोन गोष्टी मात्र सांगते, कारण त्या मी ठेच लागून शिकले. जवसतेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात कोंबू नका. त्या आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. दोरीवर पसरून वाळू द्याव्यात. आणि ओले चित्र बसमधून नेताना दोन फळ्या समोरासमोर धरून कोपऱ्यांत बुचे घालून बांधा. मी एकदा तशीच चढले आणि एका गृहस्थांच्या पांढऱ्या सदऱ्यावर अख्खे निळे आभाळ उमटले. बिचारे सज्जन होते. हात धुतल्याशिवाय कणकेला हात लावू नये, हे तर तुम्हाला सांगायला नको.

आता सासूबाईंची फर्माईश महाद्वाराची आहे. "फुलवाल्या विसरू नको," असे बजावले आहे. महाद्वार पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळचे ऊन समोरून पडते आणि सगळे पिवळे होऊन जाते. झेंडू कुठला आणि भिंत कुठली तेच कळेनासे होते. दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा पुसून टाकले. येत्या मंगळवारी पुन्हा जाणार आहे. कोणाला यायचे असेल त्यांनी जुने लुगडे नेसून आणि छत्री घेऊन चार वाजता माझ्याकडे यावे.