नाव झाकून ऐकताना

(अध्यक्षीय भाषण)



 थेट कामाचं बोलतो. नव्या ऑर्केस्ट्रा-संगीताच्या रचनाकारांसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्याकडे सुरू व्हावी का, आणि झालीच तर तिचे नियम काय असावेत, हा प्रश्न या परिषदेपुढे आहे. माझं उत्तर असं आहे की ती व्हावी, बडोद्यातच व्हावी, आणि तिचं बक्षीस पैशाचं नसावं.

बडोदंच का? आपण बसलो आहोत ते फतेगंज म्हणजे जुन्या बडोदेकरांचा कँप. इथे छावणी होती, चर्चं होती. छावणीबरोबर बँड येतो आणि चर्चबरोबर लिहिलेलं समूहगान. तिकडे चार दरवाजांच्या आतल्या शहरात दरबारचे गवई आणि बीनकार. या दोन जगांना एका कागदावर आणायचा प्रयत्न याच गावात झाला. महाराजा सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी 1886 साली गायनशाळा काढली आणि स्वरलिपीच्या आधाराने वर्गात गाणं शिकवायला सुरुवात केली. उस्ताद मंडळी आपली विद्या जिवापाड जपत, त्या काळातली ही गोष्ट. आज ती शाळा सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीच्या रूपाने सूरसागरच्या काठी उभी आहे. मौलाबक्षांचे चिरंजीव डॉ. अलाउद्दीन पठाण लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकून आले. नातू इनायत खान 1882 साली इथेच जन्मले, 1910 साली अमेरिकेला गेले आणि पुढे सूफी गुरू म्हणून जगाला ठाऊक झाले. इनायत खानांचे चिरंजीव हिदायत पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे शिकले. त्यांनी सिम्फनी लिहिल्या, त्यांतल्या एकीला गांधीजींचं नाव दिलं. म्हणजे वडिलांच्या आजोळच्या गायनशाळेतली स्वरलिपी चौथ्या पिढीत पूर्ण ऑर्केस्ट्राच्या स्कोअरपर्यंत पोचली. पण ती पोचली युरोपात.

इथे काय झालं? 1916 च्या मार्चमध्ये पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली. लिपी, श्रुती, रागांची शास्त्रशुद्ध मांडणी यांवर तिथे खल झाला. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी लिहून काढल्या आणि छापल्या. ते ऋण फेडता येण्यासारखं नाही. मात्र त्यातून एक सवय लागली. गायलं गेलेलं सांभाळून ठेवण्यासाठी आपण लिपी वापरू लागलो. अजून कुणी वाजवलेलंच नाही ते आधी कागदावर रचायचं आणि मग पन्नास-साठ जणांच्या हाती द्यायचं, हा लिपीचा दुसरा उपयोग मागे पडला. दरबाराचे बँडमास्टर फ्रेडलिस पुढे संस्थानाच्या संगीतखात्याचे प्रमुख झाले आणि वृंदवादनाचे प्रयोग करत राहिले. संस्थान गेलं तशी ती वाटही मोडली.

हा दुसरा उपयोग जिवंत ठेवला तो गोव्याच्या माणसांनी. गावच्या चर्चशाळेत स्टाफ नोटेशन शिकलेले गोवेकर वादक मुंबईच्या सिनेमा-स्टुडिओंत आले. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या अरेंजरांनी व्हायोलिनच्या ताफ्यासाठी, ब्रास आणि वुडविंडसाठी पानंच्या पानं लिहिली. रेकॉर्डिंग झालं की त्या पानांचं काम संपे. श्रेयनामावलीत त्यांची नावंही क्वचित येत. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली याच वादकांना घेऊन मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात रागांवर बेतलेल्या आपल्या ऑर्केस्ट्रा-रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. याहून मोठा आरंभ कोणता हवा? पण पाठीशी संस्था नव्हती, पुढच्या प्रयोगाची सोय नव्हती. गोन्साल्विस साठच्या दशकात अमेरिकेला गेले. आज लोकांना त्यांचं नाव ठाऊक आहे ते त्यांचे शिष्य प्यारेलाल यांच्या एका सिनेगीतामुळे. पहिला प्रयोग कसाबसा होतो, दुसरा होत नाही, हे नव्या वृंदसंगीताचं आपल्याकडचं खरं दुखणं आहे.

स्पर्धा यावर औषध ठरेल का? डोळे मिटून हो म्हणू नये. 1905 साली पॅरिसच्या प्रतिष्ठित प्री द रोम स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतच मॉरिस राव्हेल बाद झाला. तोवर त्याचं स्ट्रिंग क्वार्टेट लोकांनी ऐकलेलं होतं. अंतिम फेरीतले सगळे विद्यार्थी एकाच परीक्षकाचे निघाले, गदारोळ झाला आणि कॉन्झर्व्हेटरीच्या संचालकांना जावं लागलं. 1928 साली शूबर्टच्या स्मृतिशताब्दीनिमित्त कोलंबिया ग्रामोफोन कंपनीने दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलं. स्वीडनच्या कुर्ट आटरबेर्गची सहावी सिम्फनी जिंकली आणि जन्मभरासाठी ‘डॉलर सिम्फनी’ झाली. रक्कम मोठी ठेवली की लोक रकमेबद्दलच बोलतात.

दुसरी बाजूही पाहा. 1959 साली पोलंडमधल्या तरुण रचनाकारांच्या स्पर्धेत स्कोअर निनावी मागवले होते. पाकिटं उघडली तेव्हा वरची तिन्ही बक्षिसं एकाच माणसाची निघाली. त्याचं नाव पेंडेरेत्स्की. वय पंचविशीतलं, बाहेर फारसं कुणाला माहीत नसलेलं. नावं समोर असती तर एकाच नवख्याला तिन्ही द्यायचा धीर कुठल्या परीक्षकांना झाला असता?

मला या स्पर्धांची ओढ आहे ती इथे. आपल्याकडे ऐकणं सुरू होतं ते ‘कुणाचे शागीर्द?’ या प्रश्नापासून. घराण्यांनी आपल्याला फार दिलं आहे, त्यांचा अनादर मला करायचा नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की कान निम्मा बंद होतो, हे आपण सगळे जाणतो. आडनाव, गाव, गुरू, धर्म यांतलं काहीही ठाऊक नसताना केवळ स्वरांकडे पाहून मत द्यायची शिस्त आपल्याला लावून घ्यायची असेल, तर निनावी स्कोअर हा त्याचा उत्तम रियाज आहे.

आता नियमांबद्दल माझ्या सूचना.

पहिली, बक्षीस म्हणून तालमी द्याव्यात. तोक्योच्या तोरू ताकेमित्सु पुरस्कारात निवडलेल्या रचना ऑर्केस्ट्राकडून जाहीर मैफलीत वाजवल्या जातात आणि मग निकाल लागतो. आपण याच्याही पुढे जाऊ या. पुरेशा तालमी, बडोद्यात एक प्रयोग आणि वर्षभरात दुसऱ्या शहरात दुसरा प्रयोग, एवढं विजेत्याला लेखी मिळावं. मुंबईत 2006 पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. झाकिर हुसेन यांनी तिच्यासाठी ‘पेशकार’ हा तबल्याचा कॉन्चेर्टो लिहिला, 2015 साली तो वाजला. तेव्हा दुसरं शहर शोधायला लांब जायची गरज नाही.

दुसरी, दरवर्षी परीक्षक एकटाच असावा. ताकेमित्सु पुरस्काराची ही पद्धत 1997 पासून चालत आली आहे. दुसऱ्याच वर्षी लिगेती परीक्षक होते, तिसऱ्या वर्षी बेरिओ. पाच-सात जणांच्या गुणांची सरासरी काढली की कुणालाच न खटकणारी रचना वर येते. एकटा माणूस आपल्या आवडीची जबाबदारी घेतो. त्याने निकालाची कारणं लेखी द्यावीत आणि ती छापली जावीत. हरलेल्यालाही त्यातून शिकता येईल.

तिसरी, संगणकावर बनवलेला ध्वनिमुद्रित नमुना पहिल्या फेरीत स्वीकारू नये. गुळगुळीत नमुना कानाला भुलवतो आणि कच्चं लेखन झाकतो. परीक्षकाने आधी स्कोअर वाचावा.

चौथी सूचना आपल्या खास अडचणीची. दरबारीचा आंदोलित गंधार पाच रेघांवर मांडला, तर सिम्फनीचा वादक तो सरळ वाजवील आणि राग कोसळेल. म्हणून स्कोअरबरोबर वादकांसाठी सूचनापत्र जोडायची मुभा असावी, आणि मींड-आंदोलनाच्या खुणा कशा लिहायच्या याचा एक सामाईक तक्ता या परिषदेने तयार करावा. मौलाबक्ष आणि भातखंडे यांनी आपापल्या काळात तेच केलं. आपली पाळी आहे.

पाचवी, प्रवेशशुल्क नको. ते भरता येत नाही म्हणून मडगावचा किंवा मिरजेचा एखादा तरुण बाहेर राहिला, तर पाकिटावर नाव नसण्याला काही अर्थ उरत नाही.

पैसा कुठून येईल, हे आपण विचारणारच. मोठी रक्कम वाटायची नसल्यामुळे खर्च मुख्यतः वादकांच्या मानधनाचा आणि पार्ट छापण्याचा. विद्यापीठाने जागा द्यावी आणि शहरातल्या कारखानदारांनी एकेका तालमीचा भार उचलावा. नसेल जमत तर सत्तर वादकांऐवजी वीस वादकांपासून आरंभ करू. पण दुसऱ्या प्रयोगाची अट सोडायची नाही.

उद्याच्या खुल्या सत्रात हे पाच मुद्दे ठराव म्हणून मांडले जावेत, अशी माझी विनंती आहे. ज्यांना ते पटत नाहीत त्यांनी जरूर विरोधात बोलावं. तक्त्याचं काम मात्र ठरावाची वाट न पाहता सुरू करता येईल. सतार, व्हायोलिन आणि गायन शिकवणारी माणसं आज या सभागृहातच आहेत. त्यांनी दुपारच्या सत्रानंतर थांबावं, मीही थांबणार आहे.