राघू घराचं बोलतो



गेल्या महिन्यात माझा नातू एक पिंजरा घेऊन आला. आत कॉकटेल जातीचा पक्षी. करडं अंग, डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकली. म्हणाला, "आबा, तुम्ही एवढ्या लोकांना शहाणपण सांगता, याला तेवढं बोलायला शिकवा." मी हसलो. पण खरं सांगू का? काळजात चर्र झालं. का झालं, तेच आज तुमच्यापुढं उघडं करतो.

आमचं गाव वारीच्या वाटेवर. वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मोठे कीर्तनकार. १९६५-६६ सालची गोष्ट, मी सहा-सात वर्षांचा असेन. पडवीत पिंजरा टांगलेला, त्यात एक राघू. नानांच्या मनात फार की यानं नाम घ्यावं. रोज पहाटे स्नान आटोपून, हातात हिरवी मिरची धरून नाना पिंजऱ्यापुढं बसायचे. "म्हण, रामकृष्ण हरी. म्हण!" राघू मिरची खायचा आणि गप्प बसायचा. दोन महिने झाले, चार झाले. नाना म्हणायचे, मुकाच दिसतोय.

आषाढीच्या वेळी दिंडी आली. अंगणात पंगत बसली. पत्रावळी मांडल्या, आई आत भाकऱ्या थापतेय, सगळीकडे शांत. आणि राघू बोलला! साक्षात नानांच्या आवाजात, तोच खर्ज, तोच ठसका: "अगं ए, मेलीस का कुठं?" आणि आतून आई रोजच्या सवयीनं म्हणाली, "आले, आले!" हात पिठाचे तसेच, धावत बाहेर आली. बघते तर कुणीच हाक मारली नव्हती.

मायबाप हो, पंगतीत एक माणूस हसला नाही. नानांची मान खाली गेली. एक म्हातारे विणेकरी होते, ते हलकेच म्हणाले, "महाराज, राघू मुका नव्हता. तो ऐकत होता."

बघा, नाना पहाटे अर्धा घटका नाम शिकवायचे आणि दिवसभर दुसराच पाठ चालायचा. पाखरानं कोणता पाठ उचलला? जो जोरात होता, जो मनापासून होता. पोपटाचं असंच असतं. आपल्यासारख्या स्वरतंतूंवर तो बोलत नाही. त्याची श्वासनळी जिथं खाली फुटते, तिथं त्याचा आवाज तयार होतो. पण तो बोलतो कशासाठी? तो थव्यात राहणारा जीव. थव्याची जी बोली, तीच त्याची बोली. पिंजऱ्यात आला की आपलं घर हाच त्याचा थवा. त्यात जे शब्द तावातावानं, जीव ओतून बोलले जातात, ते तो आधी उचलतो. चोरून ऐकत नाही, बरं का. तो आपल्यातला व्हायला बघतो.

ही गोष्ट आपले पूर्वज ओळखून होते. आद्य शंकराचार्य मंडनमिश्रांचं घर शोधत माहिष्मतीला आले, ती कथा तुम्ही ऐकलीच असेल. वाटेत पाणी नेणाऱ्या बायकांना त्यांनी पत्ता विचारला. त्या म्हणाल्या, ज्या दारातले पोपट वेद प्रमाण कसे यावर वाद घालताहेत, ते घर मंडनमिश्रांचं. त्या पोपटांना कुणी शाळेत घातलं होतं का? घरात रात्रंदिवस तीच चर्चा, म्हणून पाखरांच्या तोंडी तीच. मग मला सांगा, उद्या कुणी तुमच्या घराचा पत्ता पोपटाला विचारला, तर तो काय सांगेल?

अलीकडचा दाखला देतो. माझा पुतण्या शिकलेला आहे, त्यानं सांगितला. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग नावाच्या विदुषी आहेत. त्यांनी १९७७ साली अ‍ॅलेक्स नावाचा आफ्रिकेतला करडा पोपट घेतला आणि ३० वर्षं शिकवला. २००७ साली तो वारला. तो रंग ओळखायचा, आकार सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. शिकवायची पद्धत कशी? दोन माणसं पोपटासमोर बसायची. एकानं वस्तू दाखवून विचारायचं, दुसऱ्यानं नाव सांगायचं. बरोबर सांगितलं की ती वस्तू त्याला मिळायची. पोपट नुसता बघायचा, आणि बघता बघता त्यालाही वाटायचं, मीही सांगावं. म्हणजे काय? "म्हण, म्हण" म्हणून नव्हे, दोन माणसं आपसात कशी बोलतात ते पाहून तो शिकला. आमच्या विणेकऱ्यांनी हे अंगणातच सांगितलं होतं.

आता तुमच्यापैकी कुणी पाखरू पाळलं असेल, तर चार गोष्टी ऐकून ठेवा. पहिली म्हणजे, आपल्या रानातला राघू पिंजऱ्यात घालू नका. त्या काळी घरोघरी असायचे. आता वन्यजीव संरक्षण कायदा आहे, १९७२ चा. देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं गुन्हा आहे, आणि पापही आहे. परदेशी जातीचा असेल, तरी त्याची नोंद लागते का, ते आधी विचारा.

दुसरी, घाई नको. नवं पाखरू घाबरलेलं असतं. काही दिवस नुसतं जवळ बसा, हातानं पेरूची फोड द्या. विश्वास बसला की एक छोटा शब्द घ्या. रोज त्याच वेळी, दहा-पंधरा मिनिटं, आनंदानं बोला. पाणी ठेवताना "पाणी" म्हणा, म्हणजे शब्दाला अर्थ येतो. नाही तर ती नुसती पोपटपंची. आणि नाहीच बोलला, तर रागावू नका. प्रत्येक पाखरू बोलतंच असं नाही.

तिसरी, तो चावला, किंचाळला, तर ओरडू नका, मारू तर मुळीच नका. तुम्ही ओरडलात की त्याला वाटतं, वा, उत्तर मिळालं! तो आणखी किंचाळतो. पाठ फिरवा. शांत झाला की जवळ जा, खाऊ द्या.

चौथी, रात्री त्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्या. मिरची खुशाल द्या, पाखराला ती झोंबत नाही. पण चॉकलेट, चहा, खारट फरसाण, अव्होकाडो देऊ नका. आणि दिवसभर एकटं कोंडू नका, ते स्वतःची पिसं उपटतं.

आता नानांचं पुढं काय झालं? शब्द एकदा पाखराच्या तोंडी गेला की परत घेता येत नाही. राघू ती हाक मारतच राहिला. पण त्या दिवसापासून नानांनी एक नेम केला. राघूनं "मेलीस का" म्हटलं की नाना स्वतः उठायचे, माठातलं पाणी स्वतः घ्यायचे, आणि आईला म्हणायचे, "तू बस, तुला नाही, मला हाक आहे." दहा-बारा वर्षं हा नेम चालला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

आणि नाम? तेही राघू शिकला. आई पहाटे जात्यावर बसायची, दळता दळता विठ्ठल, विठ्ठल म्हणायची. कुणाला शिकवत नव्हती, मिरची दाखवत नव्हती. एके सकाळी पिंजऱ्यातून आवाज आला, "विठ्ठल, विठ्ठल." आवाज आईचा! नाना पिंजऱ्यापुढं नाही गेले. जात्यापाशी गेले आणि आईला हात जोडले.

पुराणातली गणिका पोपटाला रामनाम शिकवायला बसली आणि स्वतः तरली. का? शिकवताना नाम तिच्याच जिभेवर होतं.

म्हणून नातवाला म्हणालो, बाळा, शिकवू. पण आधी आठ दिवस आपण दोघं नुसते ऐकू, या घरात काय बोललं जातं ते. सहाव्या दिवशी माझाच आवाज सुनेवर चढला. नातवानं पिंजऱ्याकडं नुसतं बोट दाखवलं. मी गप्प झालो. सुनेची क्षमा मागितली. साठी उलटली, मायबाप हो, माझा पाठ अजून चालूच आहे. तुम्हीही घरी गेलात की आठ दिवस ऐका. पिंजरा नसला, तरी पाळण्यात कुणी असेलच.

रामकृष्ण हरी!