बाळ, मोटार आणि बिनतारी डोळा



गेल्या वर्षीं आमच्या घरीं नात जन्मली आणि तिच्या पाठोपाठ मोटारींत एक बिनतारी कॅमेरा आला. जालना जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांच्या शाळांतून अडतीस वर्षें मीं मुलें सांभाळलीं. तेव्हां एक मूल सांभाळण्यास यंत्र कशाला, असें मला प्रथम वाटलें. तें वाटणें अर्धें खरें होतें व अर्धें चुकीचें. त्यांतील खरें कोणतें व चुकीचें कोणतें, तें आज आपणांपुढें मांडणार आहें.

प्रथम हा कॅमेरा हवाच कशाला, तें पाहूं. तान्हें मूल आईच्या मांडीवर घेऊन मोटारीचा प्रवास करण्याची आपल्याकडे रीत आहे. मांडी ही मायेची जागा खरी, पण धोक्याच्या वेळीं ती कामास येत नाहीं. साधें गणित करा. ताशीं ५० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारें १४ मीटर जाते. ती आदळून एकदशांश सेकंदांत थांबली, तर आंत बसलेल्या प्रत्येकास आपल्या वजनाच्या चौदापट जोराचा हिसका बसतो. म्हणजे ७ किलोचें मूल त्या क्षणीं सुमारें १०० किलोंच्या ओझ्यासारखें हातांतून निसटूं पाहतें. कोणत्या आईचे हात तें ओझें धरतील?

म्हणून तान्ह्या मुलासाठीं वेगळें आसन असतें. तें मागच्या बाकावर, मुलाचें तोंड मोटारीच्या मागच्या बाजूस येईल असें उलटें बसवितात. तान्ह्याचें डोकें शरीराच्या मानानें जड असतें आणि मान कोवळी असते. समोरून टक्कर झाली तर उलट्या आसनांत तो हिसका एकट्या मानेवर न पडतां सबंध पाठीवर पसरतो. पुढच्या बाकावर, चालू एअरबॅगसमोर, असें आसन मात्र कधींहि ठेवूं नये. फुगणारी पिशवी त्या आसनावरच आदळते. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यानेंहि चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्यानें अगर मुलांच्या आसनांत सुरक्षित न बसविल्यास १००० रुपये दंड सांगितला आहे.

उलट्या आसनाची अडचण एकच. चालकाला मुलाचें तोंड दिसत नाहीं. मूल रडलें कीं बापाची मान मागें वळते. समृद्धि महामार्ग आमच्या जालना जिल्ह्यांतून जातो. त्याचा नागपूर-शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला, आणि तेथें मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. त्या वेगांत दोन सेकंद मान वळली, तर मोटार सुमारें ६७ मीटर आंधळी धांवते. ही मान वळूं नये, एवढ्यासाठीं हा बिनतारी डोळा निघाला.

त्याची रचना सोपी आहे. मागच्या बाकाच्या उशीला लहानसा कॅमेरा बांधतात. तो मुलाचें चित्र रेडिओच्या लहरींवरून चालकाजवळच्या छोट्या पडद्यास पाठवितो. अंधारांत तो डोळ्यांस न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकतो, त्यामुळें मुलाची झोंप मोडत नाहीं. माझ्या लहानपणीं घरांत रेडिओ ठेवावयाचा तर पोस्टांत जाऊन परवाना काढावा लागे. या अल्पशक्तीच्या यंत्रांना तसा परवाना लागत नाहीं. कल्पनाहि अगदीं नवी नव्हे. अमेरिकेंत १९३२ सालीं लिंडबर्ग या वैमानिकाचें मूल पळविलें गेलें आणि आईबापांत मोठी धास्ती पसरली. पुढें १९३७ मध्यें झेनिथ कंपनीनें ‘रेडिओ नर्स’ नांवाचें यंत्र काढलें. पाळण्याजवळचा आवाज तें दुसऱ्या खोलींत ऐकवी. त्याची घडण इसामु नोगुची या शिल्पकारानें केली होती.

आतां माझी स्वतःची चूक सांगतों; खरें पाहतां तीच सांगण्यासाठीं मी आज आलों आहें.

मे महिन्यांतील दुपार होती. छत्रपति संभाजीनगराहून जालन्यास परततांना बदनापुराजवळ आम्हीं थांबलों. मुलगा पाण्याच्या बाटल्या घ्यावयास उतरला. सूनबाई तोंड धुण्यास गेली. मोटार थांबतांना मीं पडद्याकडे पाहिलें होतें. नात शांत निजली होती. इतक्यांत रस्त्यापलीकडून ‘गुरुजी!’ अशी हांक आली. जुना विद्यार्थी भेटला. ‘एक मिनिट’ म्हणून मी उतरलों आणि धूळ नको म्हणून दार लावून घेतलें. मुलाला वाटलें, बाळाजवळ अण्णा आहेत. सुनेलाहि तेंच वाटलें. आणि अण्णा रस्त्यापलीकडे चहा घेत उभे होते.

दहा मिनिटांनीं सूनबाई धांवत आली. ‘अण्णा, तुम्ही इथं? मग बाळाजवळ कोण आहे?’ माझ्या हातांतील पेला तेथेंच पडला.

दार उघडलें तों आंतून भट्टीसारखी झळ आली. पोरीचें अंग लालबुंद झालें होतें, कपडे घामानें चिंब होते. ती रडत होती, हेंच आमचें भाग्य. सावलींत नेऊन कपडे काढले, ओल्या फडक्यानें अंग पुसलें, आईनें तिला पाजलें, आणि तसेंच डॉक्टरांकडे गेलों. ती सुखरूप आहे. बंद मोटारींतील उष्मा दहा मिनिटांत सुमारें १० अंशांनीं चढतो, खिडकी थोडी उघडी ठेवल्यानेंहि फारसा फरक पडत नाहीं, आणि लहान मुलाचें शरीर मोठ्यांच्या तिप्पट ते पांचपट वेगानें तापतें, हें मला त्यानंतर कळलें. पडदा मोटारीच्या विजेवर चालणारा. इंजिन बंद होतांच तोहि मालवला होता. आणि चालू असता, तरी पाहावयास आंत कोण होतें?

तेव्हांपासून आमच्या घरीं कांहीं नियम आहेत. मोटार चालत असतां पडद्याकडे पाहण्याचें काम शेजारी बसलेल्यानें करावें. चालक एकटा असेल व मूल रडत असेल, तर मोटार सुरक्षित जागीं थांबवूनच पाहावें. पडद्यावर नजर खिळली तरी रस्ता सुटतोच. चित्रांत तोंड दिसतें, श्वास दिसत नाहीं. तान्ह्याची हनुवटी छातीवर टेकली तर श्वास कोंडूं शकतो. म्हणून दर दोन तासांच्या आंत थांबून त्याला आसनांतून बाहेर काढावें. कॅमेरा घट्ट बांधावा. मघांचें गणित सुटलेल्या कॅमेऱ्यासहि लागू आहे. आपली पिशवी मागें मुलाजवळ ठेवावी, म्हणजे उतरतांना मागचें दार उघडावेंच लागतें.

शेवटचा नियम सूनबाईनें घातला. मोटार थांबली कीं कोणी तरी एकानें मोठ्यानें म्हणावयाचें, ‘बाळ माझ्याकडे आहे.’ हें वाक्य ऐकल्यावांचून बाकीच्यांनीं मोटारींतून पाऊल बाहेर टाकावयाचें नाहीं. कॅमेरा आजहि मोटारींत आहे आणि त्याचा उपयोगहि होतो. परंतु तें वाक्य म्हणण्याची पाळी बहुधा मीच मागून घेतों.