आकडा लक्षात राहतो, मैदान राहत नाही

(पॉडकास्टच्या या भागाचा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

उरणच्या लोकलमध्ये बसला असाल, नाहीतर रेवसच्या लाँचची वाट बघत धक्क्यावर उभे असाल, तर पुढची दहा-बारा मिनिटं जरा सोबत राहा. आजचा विषय आहे फलंदाजीचे विक्रम आणि आपल्या मैदानांची अवस्था. हे दोन वेगळे विषय वाटतील, पण शेवटपर्यंत ऐका, ते एकच आहेत.

सुरुवातीला तीन आकडे देतो. ४४३, ५४६, १००९. तिन्ही खेळ्या महाराष्ट्रातल्या. क्रिकेटवेडे असाल तर नावं लगेच सांगाल: भाऊसाहेब निंबाळकर, पृथ्वी शॉ, प्रणव धनावडे. आता पुढचा प्रश्न. या तिन्ही मैदानांवर बाउंड्री किती मीटरवर होती? गप्प झालात ना? आकडा आपण पाठ करतो, मैदान मात्र कोणी लिहूनच ठेवत नाही.

याबाबतीत बेसबॉलवाले आपल्या पुढे आहेत. त्या खेळात दोन बेसमधलं अंतर ठरलेलं आहे, ९० फूट. पण बाहेरचं कुंपण किती लांब, हे मैदानागणिक वेगळं. १९५८ साली डॉजर्स हा संघ ब्रुकलिन सोडून लॉस एंजेलिसला गेला. त्यांचं स्वतःचं मैदान तयार नव्हतं, म्हणून ते ऑलिंपिकसाठी वापरलेल्या कोलिसियममध्ये खेळायला लागले. त्या अंडाकृती स्टेडियममध्ये बेसबॉल कसाबसा बसवला होता. डावीकडचं कुंपण जेमतेम अडीचशे फुटांवर आलं, म्हणून त्यावर उंच जाळी लावली. मग वॉली मून नावाचा एक डावखुरा फलंदाज त्या जाळीवरून चेंडू उचलून टाकायला शिकला. लोकांनी त्या फटक्यांना नाव दिलं, 'मून शॉट'.

दुसरं उदाहरण डेन्व्हरच्या कूर्स फील्डचं. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे एक मैल उंच, हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो. शेवटी २००२ पासून तिथे चेंडू ओलावा राखणाऱ्या खास खोलीत ठेवायला लागले. आणि आकडेवारीवाल्यांनी एक माप काढलं, 'पार्क फॅक्टर'. म्हणजे या मैदानावर दोन्ही संघ मिळून किती धावा होतात आणि त्याच संघाच्या बाहेरच्या सामन्यांत किती होतात, याची तुलना. यामुळे खेळाडूचं कौतुक कमी होत नाही. कौतुक नेमकं कशाचं करायचं, ते कळतं.

आता हेच आपल्याकडे लावून बघू. साधा हिशेब आहे, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होईल. एका खेळीतल्या किती धावा चौकार-षटकारांनी आल्या?

प्रणव धनावडे, कल्याण, जानेवारी २०१६. शालेय भंडारी चषक स्पर्धा. ३२७ चेंडूंत नाबाद १००९. त्यात १२९ चौकार आणि ५९ षटकार, म्हणजे ८७० धावा. टक्केवारी ८६.

पृथ्वी शॉ, आझाद मैदान, नोव्हेंबर २०१३, हॅरिस शिल्ड. ५४६ धावा, ८५ चौकार, ५ षटकार. बाउंड्रीच्या धावा ३७०, टक्केवारी ६८.

भाऊसाहेब निंबाळकर, पूना क्लबचं मैदान, डिसेंबर १९४८, रणजी करंडक. नाबाद ४४३, ४९ चौकार आणि एक षटकार. बाउंड्रीच्या धावा २०२, टक्केवारी ४६.

आता कोणी म्हणेल, बघा, मैदान छोटं म्हणून हजार झाले. थांबा, इतकं सोपं नाही. समोरची गोलंदाजी कशी होती, गवत किती होतं, काळ कोणता होता, या सगळ्याचा फरक पडतो. कल्याणच्या त्या मैदानाची एक बाजू फार आखूड होती आणि समोरच्या संघातली मुलं वयाने लहान होती, ही चर्चा तेव्हाच झाली. पण प्रणवने मैदान निवडलं नव्हतं. रिक्षाचालकाचा पंधरा वर्षांचा मुलगा. त्याला जे मैदान मिळालं त्यावर तो उभा राहिला आणि दुसऱ्या दिवशीही खेळत राहिला. मैदान आखूड होतं हा दोष त्याचा नाही. ते किती आखूड होतं हे अधिकृत नोंदीत नव्हतं, ही चूक मोठ्या माणसांची.

प्रणवने मोडलेला विक्रम होता ए. ई. जे. कॉलिन्स या इंग्लंडच्या शाळकरी मुलाचा. १८९९ साली क्लिफ्टन कॉलेजात नाबाद ६२८. त्या खेळीचा हिशेब बघा: एक षटकार, चार वेळा पाच, ३१ चौकार, ३३ वेळा तीन, १४६ वेळा दोन आणि ८७ एकेरी. १४६ वेळा दोन? कारण मैदानाची एक बाजू आखूड होती आणि तिकडे चेंडू सीमेपार गेला तरी दोनच धावा मिळायच्या. ओळखीचं वाटतंय ना? आपल्या गल्लीत 'भिंतीला लागला तर दोन' म्हणतात, तोच नियम! फरक एवढाच की त्यांनी तो लिहून ठेवला. म्हणून सव्वाशे वर्षांनी आपण इथे करंज्यात बसून त्या मैदानाचा आकार ओळखू शकतो.

आता निंबाळकरांकडे येऊ. त्यांची गोष्ट मैदानाच्या मापाची नाही, मैदानावर हक्क कोणाचा याची आहे. काठियावाडने केल्या होत्या २३८ धावा. महाराष्ट्राच्या झाल्या ४ बाद ८२६. निंबाळकर ४४३ वर नाबाद. समोर विक्रम ब्रॅडमनचा, १९३० सालचा, नाबाद ४५२. मोडायला हव्या होत्या फक्त १० धावा. मधल्या सुट्टीत काठियावाडच्या कर्णधाराने सामना सोडून द्यायचं ठरवलं. संपला विषय. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. प्रथम श्रेणीत भारतीयाची सर्वोच्च खेळी आजही त्यांचीच आहे. खेळणारा तयार होता, खेळपट्टी तयार होती. निर्णय दुसऱ्याच कोणाच्या हातात होता.

हेच प्रणवच्या बाबतीत वेगळ्या रूपात झालं. हजार धावा केल्या त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये कल्याणच्या सुभाष मैदानावर एका मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी हेलिपॅड तयार होत होतं. मुलं सरावाला आलेली. प्रणवने हरकत घेतली, वाद झाला आणि पोलीस त्याला ठाण्यात घेऊन गेले. ही बातमी देशभर छापून आली. ज्या मुलाने गावाचं नाव जगभर नेलं, त्याला त्याच गावात सरावाची जागा मागताना पोलीस ठाणं बघावं लागलं.

म्हणजे स्टेडियम बांधलं की प्रश्न सुटला का? नाही. आझाद मैदान आठवा. तिथे ना गॅलरी, ना फ्लडलाइट. एका मैदानात २२ खेळपट्ट्या, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या फलंदाजाशेजारी उभा. तरी १९८८ मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची अखंड भागीदारी तिथेच झाली. पृथ्वीचे ५४६ पण तिथलेच. का? कारण तिथे दरवर्षी ठरलेल्या वेळी स्पर्धा होतात, खेळपट्टीची निगा राखणारा माळी असतो, पंच असतो, स्कोअरर असतो. आणि उद्या मैदान तिथेच असेल याची खात्री असते. मुलाला एवढंच लागतं.

आता आपल्याकडे येऊ. नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ चं. ३० ऑक्टोबर २०२५ ला तिथे महिला विश्वचषकाची उपांत्य फेरी झाली. ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचं लक्ष्य दिलं आणि जेमिमा रॉड्रिग्जने १३४ चेंडूंत नाबाद १२७ केल्या. १४ चौकार, षटकार एकही नाही. आपल्या मापाने ४४ टक्के. म्हणजे अर्ध्याहून जास्त धावा पळून काढल्या. नंतर २ नोव्हेंबरला त्याच मैदानावर भारत विश्वविजेता झाला.

आपल्या खाडीच्या पलीकडे घडलं हे सगळं. पण मला सांगा, तो सामना बघून करंज्यातली एखादी दहा वर्षांची मुलगी दुसऱ्या दिवशी बॅट घेऊन निघाली, तर ती जाणार कुठे?

आपलं खरं मैदान म्हणजे भाताचं खाचर. दिवाळीच्या सुमारास कापणी झाली की बांध थोडा फोडायचा, ढेकळं फोडायची, पाणी मारून रोलर फिरवायचा आणि पावसाळ्यापर्यंत टेनिस बॉलच्या स्पर्धा. मंडप, स्पीकरवरची कॉमेंट्री, यूट्यूबवर लाइव्ह. पिढ्यान्पिढ्या असंच चाललं. जागा शेतकऱ्याची, तो 'खेळा रे पोरांनो' म्हणायचा, म्हणून आपण खेळायचो.

मग इथल्या जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं, पाच जणांचे जीव गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायचं धोरण आलं. १९८९ मध्ये जेएनपीटी बंदर सुरू झालं. जिथे खाचरं होती तिथे भराव झाले, कंटेनरची यार्डं आली. ज्याच्या नावावर सातबारा होता त्याला मोबदला मिळाला, कोणाला कमी, कोणाला उशिरा, पण हक्काने भांडता तरी आलं. मैदान मात्र कोणाच्याच सातबाऱ्यावर नव्हतं! खाचराच्या मालकाचं नुकसान कागदावर दिसलं. त्याच खाचरात खेळणाऱ्या पोरांचं नुकसान कुठेच लिहिलं गेलं नाही. ज्याची नोंद नाही, ते गेलं तरी कोणाला कळत नाही. स्कोअरबुकात तेच, सरकारी दप्तरातही तेच.

म्हणून आज तीन कामं सांगतो. तिन्ही जमण्यासारखी आहेत.

पहिलं काम पन्नास मीटरच्या टेपचं. आंतरराष्ट्रीय पुरुष क्रिकेटमध्ये बाउंड्री खेळपट्टीच्या मध्यापासून किमान ६५ यार्ड, म्हणजे सुमारे ५९ मीटर लागते. तुमची किती आहे? पुढच्या स्पर्धेत नाणेफेकीआधी चारही बाजू मोजा आणि स्कोअरबुकात वरच लिहा. अॅपवर स्कोअर ठेवत असाल तर मैदानाच्या नावापुढे टाका. उद्या तुमच्या पोराने तिथे दीडशे केले, तर त्या दीडशेला वजन येईल.

दुसरं काम विकास आराखड्याचं. तुमच्या भागाचं नियोजन कोणाकडे आहे, सिडको, नगरपरिषद की आणखी कोणी, ते आधी विचारा. मग त्यांच्या नकाशात 'खेळाचे मैदान' असं आरक्षण कुठे आहे ते शोधा. हे का महत्त्वाचं? महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम, १९६६, कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरलेल्या मुदतीतही हालचाल झाली नाही, तर आरक्षण उठतं. म्हणजे कोणी मैदान चोरायचीही गरज नाही. सगळे गप्प बसले की ते आपोआप जातं.

तिसरं काम माहितीच्या अधिकाराचं. दहा रुपयांचा अर्ज, साधारण तीस दिवसांत उत्तर. प्रश्न लांबलचक नकोत. या मैदानाचा ताबा कोणाकडे आहे? गेल्या वर्षात किती दिवस ते खेळासाठी खुलं होतं आणि किती दिवस मंडप, सभा, पार्किंगसाठी दिलं? देखभालीवर किती खर्च झाला? एवढे तीनच. उत्तर आलं की त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर टाका. मग बघा चर्चा कशी सुरू होते.

विक्रम कधी होईल, कोण करेल, हे आपल्या हातात नाही. पण उद्या कोणी केला, तर तो कुठे केला हे सांगता आलं पाहिजे. आणि ती जागा तेव्हाही मैदानच असली पाहिजे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मैदानाची चार बाजूंची मापं व्हॉइस मेसेजने पाठवा, गावाचं नाव विसरू नका. पुढच्या भागात वाचून दाखवेन. हा भाग टीमच्या ग्रुपवर टाका, कॅप्टनला तर नक्कीच ऐकवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, आणि हो, टेप घेऊनच मैदानात जा!