रक्ताचा थेंब आणि औषधाची मात्रा



बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधे तयार होतात. परंतु जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरील रुग्णाच्या रक्तात औषध योग्य प्रमाणात उतरले किंवा नाही, हे कसे कळावे? अपस्मारावरील फेनिटॉइनचे उदाहरण घ्या. रक्तद्रवाच्या दर मिलिलिटरमध्ये ते सामान्यतः १० ते २० मायक्रोग्रॅम असावे लागते. कमी पडले तर झटके येतात, अधिक झाले तर तोल जातो.

नळीतील रक्त थंड ठेवून दूर नेणे कठीण. त्याऐवजी बोटातील रक्ताचा थेंब गाळणकागदावर टिपून वाळविता येतो. अमेरिकेत रॉबर्ट गथ्री यांनी १९६३च्या सुमारास नवजात बालकांच्या तपासणीसाठी ही रीत रूढ केली. असा कागद टपालानेही जातो. प्रयोगशाळेत त्याची चकती कापून औषध द्रावणात उतरवितात. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र त्याच्या रेणूंना विद्युतभार देऊन वस्तुमानानुसार वेगळे करते व प्रमाण सांगते.

मात्र एक सावधगिरी हवी. रक्तक्षय असलेल्याचे रक्त कागदावर अधिक पसरते. साहजिकच चकतीत रक्त कमी येते आणि औषधही कमी भरते. अशा रुग्णावर ‘गोळ्या घेतल्या नाहीत’ असा ठपका येता कामा नये. म्हणून हिमोग्लोबिन व शेवटच्या गोळीची वेळ यांची नोंद सोबत हवी.

ही पद्धत जेथे राबविली जाईल, तेथे ही नोंद अचूक ठेवण्यास आपण साहाय्य करावे, ही विनंती.