कोणासाठी गायचं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

गेली २५ वर्षं जिन्यात, गच्चीवर, भाजीच्या गाडीपाशी भेटत आलेल्या माझ्या शेजाऱ्यांनो, बालगोपालांनो,

कलेबद्दल दहा मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. विषय फार मोठा. मी आपली प्राथमिक शाळेतली निवृत्त बाई, त्यामुळे घरातल्या गोष्टीपासूनच सुरुवात करते.

गेल्या महिन्यात माझ्या नातीनं एका स्पर्धेत चित्र दिलं. आपल्या गेटजवळचा कडुनिंब आणि त्याखाली चौकीदारदादांची रिकामी खुर्ची. नंबर आला नाही. दुसऱ्या दिवशी ते चित्र मला कचऱ्याच्या डब्यात सापडलं, चार तुकडे केलेलं. विचारलं तर म्हणाली, “आजी, कोणी पाहतच नाही तर काढायचं कशाला?”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज ती समोरच बसली आहे, म्हणून आज देते.

माझं माहेर मूर्तिजापूर तालुक्यातलं. आई पहाटे जात्यावर ज्वारी दळायची आणि ओव्या म्हणायची. काही ऐकलेल्या, काही तिनंच जुळवलेल्या. मी डी. एड.ला अकोल्याला गेले आणि मला शहराचं वारं लागलं. सुटीत घरी आले की त्या ओव्या मला गावंढळ वाटायच्या. एकदा मी म्हटलंच, “काहून म्हनतं व माय? कोन ऐकते?” ती हसली. “कोनी ऐकावं म्हनून नाई म्हनत, बाई. जातं जड हाये. म्हनलं का हलकं लागते.”

तो विषय तिथंच संपला.

पुढं शाळेत शिकवताना बहिणाबाई चौधरींच्या कविता हाती आल्या. जळगावजवळच्या असोद्याच्या त्या लेक. जन्म १८८० चा. लिहिता-वाचता येत नव्हतं. तरुणपणीच वैधव्य आलं, पदरात लेकरं, शेतीची कामं. शेतात राबताना, घरात दळताना-कांडताना त्या गाणी रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी जमेल तशी ती उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर ती गाणी आचार्य अत्रे यांच्या पाहण्यात आली, आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. यातलं काहीही त्यांनी पाहिलं नाही.

आता मला सांगा, ती गाणी चांगली केव्हा झाली? १९५२ साली, छापल्यावर? नाही ना! जात्यापाशी बसून जुळली, तेव्हाच ती चांगली होती. जगाला कळायला उशीर झाला, एवढंच.

पण मंडळी, इथंच थांबले तर मी तुमची फसवणूक करीन. कारण ऐकणाऱ्याला वाटेल, आज ना उद्या नाव होतंच. तसं होत नाही. माझ्या आईला सोपानदेव मिळाला नाही. तिला मी मिळाले, शिकलेली पोरगी, आणि मी एक ओळ लिहून ठेवली नाही. भुलाबाईची गाणी मला येतात, ती सगळ्यांनाच येतात. आईनं स्वतः जुळवलेली एकही ओवी आज मला सबंध आठवत नाही.

मग ते वाया गेलं का? मी यावर खूप विचार केला. त्या ओव्यांनी त्यांचं काम तेव्हाच केलं होतं. पायलीभर ज्वारी दळून झाली. तिचं दुःख कोणाजवळ न बोलता बोलून झालं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून त्या लयीत झोपले. पुढं ३२ वर्षं मी पोरांना पाढे शिकवले, ते त्याच लयीत. कोणाला ठाऊक नव्हतं की ही चाल एका दळणाऱ्या बाईची आहे. भुलाबाईची गाणी तरी कोणी रचली? नाव माहीत नाही. पण कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी ती म्हणतात, खिरापत ओळखतात.

म्हणून बेटा, तुझं उत्तर असं. चित्र काढताना तू त्या रिकाम्या खुर्चीकडे तासभर पाहिलंस. आम्ही २५ वर्षं तिच्यासमोरून जातो, आम्ही पाहिली नाही. हे तुला मिळालं ते नंबर देऊन मिळत नाही आणि नंबर न देऊन जातही नाही.

आणि मोठ्यांनो, करणाऱ्यानं नावाची आशा धरू नये हे खरं, पण म्हणून ऐकणाऱ्यानं कान बंद ठेवावेत असं नाही. ती चूक माझी झाली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. आपल्याला तर फक्त घरातल्या आजीपाशी बसायचं आहे. फोन प्रत्येकाच्या हातात आहे.

एक विनंती करून थांबते. येत्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटवूच. त्या रात्री ज्याला जे येतं ते त्यानं आणावं. गाणं, रांगोळी, पेटी, गोधडी, काहीही. परीक्षक नको, बक्षीस नको.

माझ्या नातीचं चित्र मी डिंकानं जोडलंय. जोड दिसतात. ते तिथं लावणार आहे, तिची हरकत नसेल तर.